स्पंजाखालची हळद

डागाची वरची कड सरळ होती, पट्टीनं आखल्यासारखी. डाव्या भुवईच्या दोन बोटं वर सुरू होऊन ती केसांकडे गेली होती. खालची कड मात्र पसरट होती, टीपकागदावर पडलेला थेंब जिथं थकतो तिथं थांबलेली. मधला रंग विटकरी. कावेरी गाडीच्या खिडकीला डोकं टेकून झोपली होती आणि रिंग रोडवर पुढची गाडी हलत नव्हती, त्यामुळे श्वेताला तो डाग हवा तेवढा वेळ बघता आला. उपचारात डोक्याला बांधतात त्या स्पंजाखाली त्वचा लाल होते हे तिला ठाऊक होतं. डॉक्टरांनी ते आधीच सांगितलं होतं: थोडं लाल होईल, खाज येईल, मुंग्या येतील, काही मुलांचं डोकं दुखतं. पहिल्या दोन बैठकांनंतर तसा लालपणा आलाही होता, फिकट गुलाबी, सगळीकडे सारखा, घरी पोचेपर्यंत गेलेला. हा तसा नव्हता. तिनं बोटाच्या टोकानं डाग हलकेच दाबला. रक्त वर आल्यानं आलेला लालपणा दाबल्यावर पांढरा पडतो आणि बोट उचललं की परत येतो. हा दाबल्यावरही विटकरीच राहिला. तिनं पुन्हा दाबून पाहिलं, तेच. "स्वल्प जाम इदे, मॅडम," थोडा जाम आहे, असं ड्रायव्हर कानडीत म्हणाला, जणू तिनंच त्याला काही विचारलं होतं.

कावेरी नऊ वर्षांची होती. ती श्वेताच्या पोटात असतानाच तिच्या मेंदूच्या उजव्या बाजूची एक बारीक रक्तवाहिनी बंद पडली होती. कधी, कशानं, हे कुणालाच सांगता आलं नाही. श्वेतानं ते नऊ महिने नंतर इतक्या वेळा मनात उलगडून पाहिले होते की त्यांच्या घड्या झिजल्या होत्या, आणि एकही दिवस संशय घ्यावा असा सापडला नव्हता. राहिला तो डावा हात. मूठ मिटलेली, अंगठा आत, कोपर अंगाला धरलेलं. बाकी मुलगी बडबडी, हट्टी, गुणाकारात पटाईत, पालेभाजीची शत्रू. त्या हाताला तिनं स्वतःच नाव दिलं होतं: धाकटी. "धाकटीला आज शाळेत यायचं नव्हतं." "धाकटी रुसलीय, तिला थंडी वाजतेय." धाकटीबद्दल ती थोडं वडीलकीनं बोलायची, थोडं वैतागून, जशी कुठलीही मोठी बहीण बोलते.

शहरातल्या एका रुग्णालयात अशा मुलांवर एक अभ्यास चालू होता. चार आठवडे, शनिवार-रविवार सोडून रोज. चांगल्या हातात कापडाचा जाड मोजा चढवायचा, बोटं आत शिवून टाकलेला, म्हणजे खेळायला आळशी हातच वापरावा लागेल. आणि त्या वेळात डोक्याला एक पट्टा, पट्ट्याखाली मिठाच्या पाण्यात भिजवलेले दोन स्पंज, एक डोक्याच्या उजव्या बाजूला, जिथून डावा हात हलतो त्या जागेवर, दुसरा डाव्या कपाळावर. एकातून दुसऱ्याकडे अगदी बारीक वीज. डॉ. भाग्यलक्ष्मी या बाई श्वेताला आवडल्या होत्या, कारण त्या "काळजी करू नका" म्हणत नसत. मुलांची कवटी पातळ असते, तोच प्रवाह आत जास्त पोचतो, म्हणून मोठ्यांच्या निम्माच देतो, असं त्यांनी सांगितलं होतं. आजवरच्या अभ्यासांत मुलांना गंभीर इजा झालेली नाही, हेही सांगितलं होतं. आणि मग, श्वेतानं विचारायच्या आधीच, "पण मुलं थोडी आहेत. ती मोठी झाल्यावर काय, हे बघायला आम्ही अजून पुरेसे थांबलेलो नाही." निम्म्या मुलांना खरी वीज मिळणार होती, उरलेल्या निम्म्यांना सुरुवातीचं अर्धं मिनिट मुंग्या आल्या की यंत्र आपोआप बंद होणार होतं. कोणाला काय, हे ना मुलांना माहीत, ना आईबापांना, ना पट्टा बांधणाऱ्या सुरजला, ना खुद्द डॉक्टरांना. श्वेताला ही व्यवस्था पटली होती. तीही पाण्याच्या प्रयोगशाळेत काम करत होती. टँकरचं, बोअरवेलचं, तलावाचं पाणी तिच्यापुढे बाटल्यांतून यायचं, आणि बाटलीवर नाव नसलं की हात जास्त प्रामाणिक चालतो हा तिचा अनुभव होता.

पण दुसऱ्या आठवड्यात धाकटी उघडली. पूर्ण नाही, तीन बोटं, अर्धी. महांतेशनं तिच्यापुढे पेरू धरला होता आणि पेरू त्या तीन बोटांत टिकला. महांतेश यशवंतपूरच्या एका कारखान्यात यंत्रांची देखभाल बघायचा. घरी आल्यावर त्याच्या बोलण्यात नेहमी काहीतरी बिघडलेलं असायचं. त्या दिवशी तो जमिनीवर मांडी घालून बसला आणि नुसता बघत राहिला. मग त्यानं निपाणीला थोरल्या भावाला फोन लावला, "संग्रामअण्णा, पोरीनं पेरू धरला की रे," आणि फोन कावेरीच्या कानाला लावला. तेव्हापासून घरात फळांच्या टोपलीत पेरू कधी संपले नाहीत. डॉक्टरांनी सांगितलं होतं, हा अभ्यास झाल्यावर ज्यांना हवं त्यांच्यासाठी मोठा कोर्स आहे, वर्षभर, थोड्या थोड्या आठवड्यांनी, आणि त्यात सगळ्यांनाच खरी वीज. श्वेताला उत्तर द्यायचं होतं. डॉक्टर विचारत, ती "सांगते" म्हणे. महांतेश जेवताना विचारी, ती "सांगते" म्हणे. तो चिडत नसे. "सरी, बरं. सांग की. पेरू तर खाऊ दे तोवर," असं म्हणे.

घरी, मारतहळ्ळीतल्या त्यांच्या तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत डाग पिवळा झाला होता. श्वेता दारातच थांबली. मुका मार पिवळा पडतो, पण त्याला दिवस लागतात. तिनं कावेरीला मोरीशी नेलं, स्वतःचा चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि हातावर साबण घेतला. फेस कपाळावरून फिरला आणि पिवळ्याचा पुन्हा लाल झाला. पाणी ओतलं, पुसलं. लाल विरत गेला, फिकट पिवळा उरला. हळद. पुण्यात आईच्या घरी दर सणाला कुणाच्या तरी पदरावर वरण सांडायचं आणि साबण लावताच तो डाग लाल व्हायचा, नवीन सून असली की दचकायची. श्वेता मोठ्यानं हसली. तिला स्वतःच्या हसण्याचा आवाज परका वाटला, इतका तो सुटलेला होता.

"हसतेस काय?" कावेरी डोळे मिटून म्हणाली. "साबण जातोय डोळ्यांत."

"तुझ्या कपाळाला हळद आहे."

"मला काय माहीत," कावेरी म्हणाली, जरा लवकरच.

हसू टॉवेलपर्यंत टिकलं. टॉवेल हातात घेऊन श्वेता मोरीशी उभी राहिली, कारण साबण आत्ता लागला होता. गाडीत साबण नव्हता. दवाखान्यात सुरज स्पिरिटनं कपाळ पुसायचा आणि मिठाच्या पाण्याचा स्पंज ठेवायचा; मिठाच्या पाण्यानं हळद लाल होत नाही. नववीत त्यांनी वर्गात हळदीचे कागद केले होते, टीपकागद हळदीच्या पाण्यात बुडवून दोरीवर वाळत घातले होते. दोन पेन्सिलींची शिसं मिठाच्या पाण्यात, तारा, बॅटरी. एका शिसाशी बुडबुडे आले आणि तिथं धरलेला कागद हळूहळू लाल झाला. बाईंनी विचारलं होतं, साबण कुठून आला पाण्यात? कुठूनच नाही, तिनं सांगितलं होतं, पाण्यातून वीज वाहिली म्हणून तिथं पाणीच साबणासारखं झालं. चाळीस मुलांत तिचा एकटीचा हात वर होता. डावा होता, आणि तो तिनं झटकन खाली घेऊन उजवा वर केला होता. कपाळावरचा स्पंज आज जास्त पिळला गेला असणार, त्यातलं विजेनं साबणासारखं झालेलं पाणी त्वचेपर्यंत उतरलं असणार. सरळ कड स्पंजाची. अर्ध्या मिनिटात एवढं होत नाही. म्हणजे यंत्र बंद होत नव्हतं. कावेरीला खरी वीज मिळत होती. जे या शहरात कुणालाही माहीत असायला नको होतं ते तिला माहीत झालं होतं, मोरीशी, हातात ओला टॉवेल असताना.

याचं काय करायचं ते तिला कळेना. म्हणजे पेरू विजेनं धरला? की शिवलेल्या मोज्यानं, की रोज तासभर धाकटीशी खेळणाऱ्या माणसांनी? एका बाटलीवरून तलावाबद्दल बोलायचं नाही हे ती नवीन आलेल्या मुलींना शिकवत असे. पण ही बाटली तिची होती. आणि पेरू टिकला होता, तिनंही पाहिला होता, तिचेही डोळे भरले होते. ते तिनं कांद्याच्या नावावर खपवलं होतं.

सासूबाई, कृष्णाबाई, गॅलरीत मेथी निवडत बसल्या होत्या. निपाणीजवळच्या खेड्यातून त्या कावेरीच्या जन्मानंतर आल्या त्या राहिल्याच; खालच्या दुकानदाराशी कानडीत भांडून त्या कोथिंबीर आणत आणि वर येऊन मराठीत त्याचं कौतुक करत.

"आई, कावेरीला भंडारा लावला होता का?"

"लावला न्हाई. दिला." मेथीच्या काड्या बाजूला पडत होत्या. "सौंदत्तीचा हाय. पुडी तिच्या खिशात ठेवली. त्यो पोरगा पुसून घेतोय ना कपाळ, म्हटलं त्यानं पुसल्यावर लाव गुपचूप, पट्टा बांधायच्या आधी. आई यल्लम्मा हाय, वाईट काय व्हणार?"

"पण कशाला?"

कृष्णाबाईंनी वर पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर आधी आश्चर्य आलं आणि मग, सावकाश, दुसरंच काही. "डोकं दुखालंय म्हणाली की पोरगी. मशीन काढलं की भणभणतंय, संध्याकाळपत्तोर. मागल्या आठवड्यापास्नं. तुला सांगितलं न्हाई?"

"नाही."

"मला वाटलं तुला म्हाईत हाय." त्यांनी मेथीची जुडी मांडीवरून खाली ठेवली. "न्हाई गं, खोटं कशाला बोलू. मला वाटलं तुला म्हाईत नसंल. पण म्हांतेश एवढा खुशीत हाय. पोरगा माझा हसालाय नऊ वर्सानी. म्हटलं देवी बघंल डोकं."

श्वेतानं त्यांना बोल लावला असता, तर तो स्वतःलाही लावावा लागला असता. ती आत येऊन स्वयंपाकघरात उभी राहिली आणि गॅसवर काहीच नसताना गॅसकडे बघत राहिली. प्रत्येक बैठकीच्या आधी आणि नंतर सुरज खुर्ची ओढून कावेरीसमोर बसायचा आणि एक एक विचारायचा. कानडीतच, कावेरीची शाळेतली भाषा ती, श्वेताची नव्हे. तुरिके? खाज येतेय का. इल्ला. उरि? जळजळ. इल्ला. तले नोवु? डोकं दुखतंय का. इल्ला. कावेरीचं "इल्ला" कसं यायचं ते तिला आता ऐकू आलं: प्रश्न संपायच्या आत, पाय हलवत, जणू तिथं नसलेल्या बापाला ऐकवायला. सुरज खूण करायचा, पुढे जायचा. प्रेमळ मुलगा होता. शेवटी तिला एक चांदणीचा स्टिकर द्यायचा. कावेरीच्या कंपासपेटीचं झाकण चांदण्यांनी भरलं होतं. या चांदण्या एकत्र करून कुठेतरी लिहिलं जाणार होतं की मुलांनी उपचार चांगला सोसला. डॉ. भाग्यलक्ष्मी खोटं बोलत नव्हत्या, सुरज बोलत नव्हता. डोकं दुखणं ही मोठी गोष्टही नव्हती, ते तर पहिल्याच दिवशी सांगितलेलं. सांगत नव्हती ती फक्त कावेरी. जे सांगायचं ते तिनं आजीला सांगितलं, आजीनं देवीला, आणि देवीकडून ते विटकरी रंगात परत आलं.

श्वेताला तिची स्वतःची नाडी आठवली. परकराची, पांढरी, टोकाला गाठ मारलेली. कोथरूडच्या त्या दोन खोल्यांत, जेवायला बसण्याआधी आई तिचा डावा हात फ्रॉकच्या पट्ट्याला त्या नाडीनं बांधायची. घट्ट नाही. ओढलं तर सुटेल इतपत, पण ओढायचं नाही हे ठरलेलं. आई दुष्ट नव्हती. बांधताना ती गोष्ट सांगायची, आणि उजव्या हातातला घास तोंडापर्यंत नीट पोचला की गालाचा पापा घ्यायची. नैवेद्याला, हळदीकुंकवाला, सासरी ताट वाढताना डावा हात पुढे आला तर लोक मुलीला नव्हे, आईला हसतात. दुसरीपर्यंत श्वेता उजव्यानं लिहू लागली. त्याच वर्षी ती काही दिवस बोलताना अडखळायची, शब्दाच्या उंबऱ्यात उभी राहायची. ते त्यामुळे, की आणखी कशामुळे, की उगीच, हे कसं कळणार? ते कळायला दुसरी श्वेता लागली असती, जिला कुणी बांधलं नाही, आणि ती तर कुठेच नव्हती. आजही नळ उघडताना तिचा हात आधी उलटा फिरतो. आजही "डावीकडे घ्या" म्हणताना ती मनात आधी कुठला हात मोकळा आहे ते बघते. काही वर्षांपूर्वी तिनं आईला फोनवर हा विषय काढला होता, भांडायला नव्हे, नुसता. आई म्हणाली, "काही झालं का तुला? चांगली एमएस्सी झालीस." आणि श्वेता म्हणाली होती, "नाही गं, काही नाही." इल्ला. तिच्या उजव्या हाताला वळण लागावं म्हणून नाडी, कावेरीच्या डाव्यासाठी मोजा. कापडच सगळं. कातडीला सुई लागली नाही, थेंबभर रक्त आलं नाही, आणि तरी आत कुठेतरी वाटा बदलल्या. चांगल्या बदलल्या असतील. तिला वाईट झालं असं म्हणायचंच नव्हतं. तिला एवढंच वाटत होतं की त्या गोष्टीच्या वेळी कुणीतरी खुर्ची ओढून समोर बसून विचारायला हवं होतं, आणि विचारणाऱ्याला "नाही" हे उत्तर हवं आहे असं चेहऱ्यावर दिसायला नको होतं.

दुसऱ्या दिवशीच्या बैठकीला तिनं सर्दीचं निमित्त सांगितलं. ते निमित्त होतं हे तिला कळत होतं, उत्तर नव्हे. शनिवारी तिनं कावेरीला केस विंचरायला पुढ्यात घेतलं. कपाळ स्वच्छ होतं. मागून विंचरताना चेहरा दिसत नाही, म्हणून विचारणं सोपं जातं.

"डोकं दुखतं ना तुझं?"

कंगवा केसांत थांबला, कारण डोकं थांबलं. "आज्जीनं सांगितलं?"

"हळदीनं सांगितलं."

"हळद बोलत नाही," कावेरी म्हणाली, पण खात्री नसल्यासारखं. मग थोड्या वेळानं, "जास्त नाही दुखत. इथं आत कोणीतरी मिक्सर लावतं आणि तो बंद करायचं विसरतं. मी झोपले की जातं."

"मग सुरजदादाला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं तर बंद करतील. श्रीनिधी होता ना, निळ्या चष्म्याचा, तो रडला तर त्याचं त्या दिवशी बंद केलं. त्याची आई किती रडली बाहेर." कावेरीनं मोकळ्या हातानं धाकटीची बोटं एक एक करून उघडली आणि सोडली, ती हळूहळू परत मिटली. "आणि पप्पा काही रागवत नाहीत. ते गप्प होतात. मग ते पेरू पण आणणार नाहीत."

"तुला आवडतात का पेरू?"

"मला? शी. बिया अडकतात." ती हसली, आणि लगेच गंभीर झाली. "मम्मी, पण मला वेणी घालता आली पाहिजे. माझी मी. त्याला दोन हात लागतात."

"हो. लागतात."

"बंद केलं तर धाकटी परत मिटेल?"

श्वेतानं कंगव्यातले केस काढले, त्यांचा गुंता बोटावर गुंडाळला. किती तरी उत्तरं जवळ होती, आणि त्यातली बरीचशी मऊ होती. "मला माहीत नाही," ती म्हणाली. "डॉक्टरांनाही नक्की माहीत नाही. खेळणं आपण चालू ठेवू, मोजाही. कदाचित तेवढ्यानंही उघडेल. कदाचित नाही."

कावेरीनं धाकटीला चांगल्या हातात धरलं. खाली कुणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं, पुन्हा पुन्हा. "मला तो मिक्सर नकोय," ती शेवटी म्हणाली. "मोठी झाल्यावर मी स्वतः ठरवेन हवा का ते. पण मी नाही सांगणार पप्पांना. तू सांग."

रविवारी महांतेशला सांगण्यासारख्या तीन वेळा आल्या आणि गेल्या. एकदा तो पंख्याचं कव्हर पुसत होता. एकदा तो कावेरीसमोर बसून धाकटीकडून चेंडू घेत होता, "दे की गं धाकटे, पप्पाला दे," आणि धाकटीनं चेंडू सोडला, जो सोडणंच तिला सगळ्यात अवघड होतं, आणि त्याचा चेहरा असा उजळला की श्वेता आत निघून गेली. तिसऱ्या वेळी तोच म्हणाला, "उद्या उत्तर देऊया ना डॉक्टरना? मी सुट्टी टाकलीय, येतो मी पण." आणि थोडं थांबून, "तुला भीती वाटते ती मला कळतीय. मला पण वाटते. पण श्वेता, मी रोज बंद पडलेलं यंत्र चालू करतो, आणि माझ्याच पोरीचं..." त्यानं वाक्य सोडून दिलं आणि पेरूला मीठ लावू लागला. तिला त्याचा हात धरावासा वाटला. तिनं धरला, मिठासकट. वीज खरी आहे, हे त्या क्षणी त्याला सांगितलं असतं तर तो पेरूवर बोट ठेवून म्हणाला असता, बघ. आणि ती त्याला चूक म्हणू शकली नसती. बरोबरही म्हणू शकली नसती. तिच्या शिक्षणानं तिला इथपर्यंत आणून सोडलं होतं. आकड्यांत जेवढं दिसत होतं त्यावरून तर हा उपचार बऱ्यापैकी निर्धोक होता. घराजवळच्या रस्त्यापेक्षा निश्चितच. तिची अडचण आकड्यांच्या अलीकडची होती. ज्या "इल्ला"वर ते आकडे उभे होते त्यातलं एक तिच्या घरचं होतं, आणि ते पोकळ होतं.

सोमवारी दवाखान्याच्या त्या खोलीत नेहमीचा मिठाच्या पाण्याचा आणि स्पिरिटचा वास होता. भिंतीवर हत्ती, हत्तीच्या सोंडेत फुगे. महांतेश आज इस्त्रीचा शर्ट घालून आला होता, लग्नाला जावं तसा. कावेरी उंच खुर्चीत बसली, पाय लोंबकळत, मोजा मांडीवर, अजून चढवायचा होता. तिच्या फ्रॉकच्या खिशात पुडी नव्हती. सकाळी कृष्णाबाईंनीच ती काढून घेऊन देवघरात ठेवली होती. डॉ. भाग्यलक्ष्मी टेबलाशी उभ्या होत्या. "सर्दी बरी झाली का?" त्यांनी इंग्रजीत विचारलं, आणि मग, "तुमचं काही ठरलं का, पुढच्या कोर्सचं?" श्वेताच्या तोंडाशी "सांगते" आलं. ती त्या शब्दाच्या उंबऱ्यात उभी राहिली, दुसरीतल्या मुलीसारखी, आणि बाई तिच्यासाठी थांबल्या, आणि तेवढ्यात सुरजनं आपली खुर्ची ओढली.

"कावेरी पुट्टी," तो नेहमीच्या लाडाच्या हाकेनं म्हणाला, "चला, पटापट. तुरिके?"

"इल्ला."

"उरि?"

"इल्ला."

"तले नोवु?"

पाय हलायचे थांबले. कावेरीनं बापाकडे पाहिलं. महांतेश तिच्याकडे बघून हसत होता, भुवया उंच करून, पोरांना धीर देताना माणसं करतात तसा. त्याला काहीच माहीत नव्हतं आणि त्याच्या हसण्यात काही खोट नव्हती. मग कावेरीनं आईकडे पाहिलं. आज पहिल्यांदाच त्या प्रश्नानंतर खोलीत काही ऐकू आलं नाही, आणि सुरजचं पेन कागदाच्या वर, जिथं खूण करायची तिथं, अधांतरी राहिलं.

"इदे," श्वेता म्हणाली. आहे. या खोलीत तिनं उच्चारलेला हा पहिला कानडी शब्द होता, आणि तो अडखळला नाही. "गेल्याच्या गेल्या आठवड्यापासून आहे. ती सांगत नव्हती." पेन खाली आलं. डॉ. भाग्यलक्ष्मी टेबलापासून पुढे आल्या, कावेरीसमोर वाकल्या. हळदीचं, स्पंजाचं, वीज खरी असल्याचं, सगळं त्यांना सांगायचं होतं आणि ती सांगणार होती. पण ते त्यांच्यासाठी होतं. त्याआधीचं महांतेशसाठी होतं, घरच्या मराठीत, आणि त्याचं हसू अजून चेहऱ्यावर तसंच होतं, कुठं जावं ते न कळून थांबलेलं. तिनं त्याच्या इस्त्रीच्या बाहीवर हात ठेवला. डावा.

"महांतेश, आपण थांबतोय. आजची बैठक नाही, आणि पुढचा कोर्सही नाही. ती मोठी होऊन स्वतः मागेल, तेव्हा."